बर्फाखालचे तीन ठोके

मंगळवारी दुपारी पावणेतीनला मयुरा कुबलच्या हेडफोनमध्ये तीन ठोके पडले, आणि सहा तासांत पहिल्यांदाच तिने धड श्वास घेतला. ठक, ठक, ठक. मग वीसएक सेकंद काही नाही. मग पुन्हा तीन. चाळीस मीटर जाडीच्या बर्फाखाली तिचा धाकटा भाऊ साईश जिवंत होता.

अंटार्क्टिकाच्या काठावर, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या प्रचंड छतावर अगस्त्य स्थानक उभं होतं. साईश तिथे एकट्याने चालवायची छोटी पाणबुडी चालवायचा. सकाळी आठला तो बर्फाखालची उपकरणं साफ करायला उतरला आणि छताच्या खालच्या अंगाचा एक मोठा तुकडा सुटून पाणबुडीवर बसला. केबल तुटली, बॅटरीचा कप्पा चेपला, दिवा, यंत्रं, संदेश सगळं एका झटक्यात गेलं. माणूस बसतो तो कप्पा तेवढा शाबूत राहिला असेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. त्यात छत्तीस तासांची हवा होती. म्हणजे बुधवारी रात्री आठपर्यंत.

पाण्यात रेडिओ चालत नाही. त्याच्या लाटा काही मीटरांतच विरून जातात. आवाजाचं उलट आहे. तो पाण्यात हवेपेक्षा चौपट वेगाने धावतो आणि कित्येक किलोमीटर टिकतो. म्हणून बर्फाला भोकं पाडून पाण्यात माईक सोडतात, त्यांना हायड्रोफोन म्हणायचं. एकच आवाज दोन-तीन माईकवर किती अंतराने पोहोचला हे मोजलं की तो कुठून निघाला ते काढता येतं. मयुराचं कामच ते. सील, देवमासे आणि तडकणारा बर्फ यांचे आवाज वेगळे काढण्यात तिची चार वर्षं गेली होती. आपल्या सख्ख्या भावाला असं शोधावं लागेल हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं.

ते ठोके साईशचेच याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि त्याचं कारण तिच्या वाडीत होतं. मालवणच्या उत्तरेला गाबित मच्छीमारांची जुवावाडी आहे, पन्नास घरांची. तिथे धुक्यात होडी चुकली की वल्ह्याने काठावर तीन ठोके द्यायचे आणि गप्प राहायचं. ज्या होडीला ते ऐकू येतील तिने ते पुढे द्यायचे, पण आपला एक जोडून. म्हणजे चार. तिच्यापुढची होडी पाच देणार. या वाढीव ठोक्याला वाडीत 'जोड' म्हणतात. किनाऱ्यावरचा माणूस ठोके मोजतो आणि चुकलेली होडी किती होड्यांपलीकडे आहे ते सांगतो. मोबाइल आले, जीपीएस आलं, तरी वाडीने हे सोडलं नाही. बॅटरी कधी दगा देईल याचा नेम नसतो, वल्हं हातातच असतं.

जोड न देता नुसते तीन ठोके पुढे करणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. मयुराच्या आज्याच्या वेळी एकाने आळसापोटी तसं केलं. सगळ्या होड्या त्याच्याकडे धावल्या आणि चुकलेली होडी पलीकडे बुडाली. त्या घराला पुढे दोन पिढ्या कुणी लग्नाचं बोलावणं केलं नाही. तीन ठोके म्हणजे खुद्द तो माणूस, हे वाडीतल्या पोराला चालायला लागण्याआधी कळायचं.

स्थानकाच्या प्रमुख डॉ. सुनंदा घाटे नागपूरच्या. हिमनद्यांवर तीस वर्षं काम केलेली, कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय मान न हलवणारी बाई. त्यांनी तोफेचा विषय काढला. तोफ म्हणजे बर्फाखालच्या समुद्राचा नकाशा काढायचं नवं यंत्र. दाबून ठेवलेली हवा ते एका क्षणात पाण्यात सोडतं. त्याचा धमाका वीस किलोमीटर पसरतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार होतं. पोलाद त्यात चटकन उठून दिसतं. पण अर्ध्या किलोमीटरच्या आत पाणबुडी असली तर तिची काच फुटण्याचा धोका होता. शिवाय आसपास सील किंवा देवमासा असेल तर तोफ उडवायची नाही असा नियम होता.

मयुरा म्हणाली की तोफेची गरजच नाही. आग्नेयेला अठराशे मीटरवर ठोके स्वच्छ ऐकू येत होते. संगणकाने दुसऱ्या दिशांकडूनही तसेच काही पुसट आवाज दाखवले, तेव्हा तिने त्यांच्यापुढे 'बर्फावरून आलेले प्रतिध्वनी' असं लिहिलं आणि ते बाजूला टाकले.

"तुझी खात्री आहे?" घाटेबाईंनी विचारलं. "ड्रिलला इंधन दोनच भोकांपुरतं आहे, मयुरा."

"बिनजोडीचे तीन आहेत मॅडम. तो तिथेच आहे."

घाटेबाईंनी जोड म्हणजे काय ते समजून घेतलं आणि मान हलवली. मोजायला त्यांच्याजवळही दुसरं काही नव्हतं.

मग वारा सुटला. चार वाजल्यापासून असा बर्फ उडायला लागला की दाराबाहेरचा दोर दिसेना. गरम पाण्याच्या जोरावर बर्फ वितळवत जाणारं ते अवजड ड्रिल अशा हवेत हलवणं म्हणजे आणखी चार माणसं गमावणं. जानेवारी असल्यामुळे सूर्य मावळत नव्हता. वादळाच्या आड तो एक पांढरा डाग होऊन फिरत राहिला आणि मयुरा हेडफोन लावून बसून राहिली. ठोके चालू होते. दर वीस सेकंदांनी तीन. तिने जेवणाचं ताट परत पाठवलं, मग तेच ताट पुन्हा मागवून उभ्या उभ्या खाल्लं, कारण उद्या हातापायांत बळ लागणार होतं.

आईला फोन करणं तिने टाळता येईल तितकं टाळलं. साईशला इथे आणायचा हट्ट तिचा होता. वाडीसमोरच्या समुद्रात आता मासळीपेक्षा जेलीफिशच जास्त येत, आणि हा पोरगा दिवसभर बंद होडीवर बसून मोबाइल बघायचा. दोन लेकरांपैकी एक जगाच्या टोकाला आहे तेवढं पुरे, असं आई म्हणाली होती. मयुराने तिला महिनाभर समजावलं आणि शेवटी गप्प केलं. आता त्याच आईला सांगायचं होतं.

आई रडली नाही. तिने फक्त एक गोष्ट विचारली.

"तीनच मा? जोड नाय मा?"

"नाय, आये. तीनच."

"मगे तो बाबूच. हाड तेका."

"हाडतंय, परत घेवन येतंय तेका," मयुरा म्हणाली, आणि फोन ठेवून तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

बुधवारी पहाटे वारा पडला. ड्रिल सांभाळणारा नेगी हा गढवालचा माणूस, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्याने सहाला ड्रिल जागेवर नेलं, सातला गरम पाणी सोडलं आणि बारा वाजून पाच मिनिटांनी माणूस जाईल एवढं भोक आरपार झालं. वाफेत उभ्या राहिलेल्या सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मयुराने दिवा लावलेला कॅमेरा खाली सोडला आणि पडद्यासमोर गुडघे टेकून बसली.

बर्फाची निळी भिंत सरकत गेली आणि संपली. खाली काळं पाणी. पाणबुडी नव्हती. तिचा पत्राही नव्हता. कॅमेरा फिरला आणि दिव्याच्या कडेला काहीतरी हललं.

ते माणसाएवढं होतं. करड्या, गुळगुळीत कातडीचं, खांदे असलेलं. बर्फाच्या खालच्या अंगाला पाठ लावून ते उताणं तरंगत होतं. डोळे मसुराएवढे, दिव्याकडे वळलेसुद्धा नाहीत. कपाळ मात्र मोठं आणि रुंद. त्याला हात होते आणि हातांना तीन जाड बोटं. एका हातात दगड होता. सगळ्यांच्या देखत त्याने तो दगड बर्फावर आपटला. ठक, ठक, ठक. मग थांबलं. वीस सेकंदांनी पुन्हा आपटला.

नेगी हिंदीत काहीतरी पुटपुटला, बहुधा देवाचं नाव.

त्यांना पुढे लोकांनी पुष्कळ नावं दिली. या गोष्टीपुरतं 'ते' म्हटलं तरी चालेल. ते हजारो वर्षं माणसाला कसे सापडले नाहीत याचं उत्तर त्या कपाळात होतं. बर्फाखाली उजेड नसतो, म्हणून त्यांचं सगळं जग कानांचं. जहाजाचं इंजिन त्यांना शंभर किलोमीटरवरून ऐकू येतं आणि ते आपले निमूट दुसरीकडे सरकतात. श्वास मात्र हवेचा घ्यावा लागतो. बर्फाच्या खालच्या अंगाला हवेच्या पोकळ्या असतात, त्या ते आवाज करून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून शोधतात. हे सगळं पुढे कळलं. त्या दुपारी मयुराला एवढंच दिसलं की आपण एकवीस तास ज्याला भाऊ समजत होतो तो हा होता.

तिने हायड्रोफोन त्या भोकातून खाली सोडला. आता बर्फाचा अडसर नव्हता आणि सगळं स्वच्छ ऐकू आलं. तीन ठोके सात ठिकाणांहून येत होते. पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून, एक तर अगदी लांब उत्तरेकडून. सगळे अगदी सारखे. सगळे बिनजोडीचे.

तिच्या डोक्यात तिडीक उठली. दुसऱ्या कुणाला त्या ठोक्यांची नुसती भीती वाटली असती किंवा नवल वाटलं असतं. जुवावाडीच्या मुलीला राग आला, वाडीच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा राग. हे हाक चोरत होते. बुडणाऱ्या माणसाचे तीन ठोके उचलून आपलेच असल्यासारखे मिरवत होते आणि खरा माणूस त्यांच्या गलक्यात हरवला होता.

साडेबारा झाले होते. ड्रिल हलवायला दोन तास, भोक पाडायला पाच. एकूण सात. आठला हवा संपणार. हातात अर्धा तास होता आणि इंधन एकाच भोकाचं.

घाटेबाईंनी तिला बाजूला घेतलं. कालपासूनचं सगळं रेकॉर्डिंग आपल्याकडे आहे, त्या म्हणाल्या. हे सातजण एकमेकांचं ऐकून ठोकत असतील तर दर फेरीत कोणीतरी पहिला असणार, आणि जो पहिला तो साईशच्या सगळ्यात जवळ. प्रतिध्वनी गाळून ते काढायला तासभर लागेल, कदाचित दोन.

"तासभर नाहीये आपल्याकडे."

"हवा छत्तीस तासांची धरलीय ती हालचाल करणाऱ्या माणसासाठी. पडून राहिला असेल तर थोडी उरेल."

"आणि नसेल राहिला तर?"

घाटेबाईंनी भोकाकडे पाहिलं. "तोफेने यांचं काय होईल ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस."

ती जाणत होती. ज्याच्या डोक्यात हवेच्या पोकळ्या आहेत आणि जो आवाजावर जगतो, त्याच्या कानांचे पडदे त्या धक्क्याने किलोमीटरभर अंतरावरही फाटतात. देवमाशांचे तसे अहवाल तिनेच वाचून काढले होते, नियम झाला तो त्याच अहवालांवरून. पण देवमाशांनी कुणाच्या भावाची हाक चोरली नव्हती.

"ते खोटारडे आहेत मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "माझा भाऊ आहे तो. मी आणलंय त्याला इथे. तुमचा असता तर तुम्ही संगणक लावून बसला असता?"

हा प्रश्न विचारायला नको होता हे तिला त्या क्षणीही कळत होतं. घाटेबाईंचा चेहरा म्हातारा झाला. नियमपुस्तकात या प्राण्यांचं नावच नव्हतं, मग मनाई तरी कोणाच्या नावाने करायची. त्या म्हणाल्या की मी हो म्हणणार नाही आणि तुझा हातही धरणार नाही, आणि त्या तंबूत जाऊन रेकॉर्डिंग उघडून बसल्या.

तोफ स्लेजवर होतीच. पाणबुडी अर्ध्या किलोमीटरच्या आत निघाली तर काच फुटेल हा धोका पत्करून मयुराने नेगीच्या मदतीने ती भोकातून खाली सोडली. कॅमेरा अजून पाण्यात होता. तोफ शेजारून गेली तेव्हा त्या करड्या प्राण्याने ठोकणं थांबवलं, हात लांब करून तोफेच्या केबलला बोट लावलं, आणि दूर न जाता पुन्हा ठोकायला लागला. आजवर माणसाच्या नजरेला न पडलेले हे प्राणी एकवीस तास एका जागी का थांबलेत, हा प्रश्न तेव्हा तिला पडायला हवा होता. तिने पडद्याकडे पाठ केली आणि कळ दाबली.

पायाखालचा बर्फ एकदा हलला. तेवढंच. प्रतिध्वनी आले, चित्र ओळीओळीने भरत गेलं, आणि भोकापासून नैर्ऋत्येला अकराशे मीटरवर पोलादाचा एक ठळक ठिपका उमटला. दहा मिनिटं लागली नाहीत. मयुराने आकडे नेगीच्या हातात कोंबले आणि माणसं धावत सुटली.

मग तिने सवयीने हेडफोन लावला. सातही ठिकाणं गप्प झाली होती. त्यांच्यात साईशची हाकही गप्प झाली होती. त्याचा स्वतःचा आठवा आवाज त्यात असलाच, तर तो तिला वेगळा म्हणून कधी ऐकूच आला नव्हता. आता तो जिवंत आहे की नाही हे सांगणारं जगात काही उरलं नव्हतं, आणि तसेच सात तास काढायचे होते.

ते सात तास कसे गेले हे तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. ती ड्रिलच्या नळ्या उचलत होती, बर्फ ओढत होती, नेगीने हाकललं तरी परत येत होती. दर थोड्या वेळाने हेडफोन लावायची आणि काढायची. दोन वाजता घाटेबाई तंबूतून बाहेर आल्या, नव्या जागेवरच्या खुणेच्या झेंड्याकडे पाहत क्षणभर उभ्या राहिल्या, आणि परत आत गेल्या. त्या काय पाहून आल्या होत्या ते मयुराला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी भोक खाली उतरलं, ठिपक्यापासून तीन मीटरवर. नेगीने यंत्राचे हात खाली सोडून पाणबुडी ओढून भोकाखाली आणली. भोकातून रबरी बाही तिच्या झाकणावर बसवली, पाणी उपसलं आणि स्वतः दोराने आत उतरला. आठला पाच कमी असताना त्याचा आवाज आला. जिवंत आहे, तो म्हणाला. मयुरा बर्फावर खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडली. सगळे टाळ्या वाजवत होते. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता, आणि तो जेमतेम पंधरा मिनिटं टिकला.

कारण कॅमेरा खाली होता आणि घाटेबाई पडद्यासमोर होत्या. पाणबुडी जिथे अडकली होती तिथे तिच्याभोवती त्या प्राण्यांची प्रेतं तरंगत होती. अकरा. त्यांच्या कानांच्या जागी रक्ताचे डाग होते, पण त्यांचा जीव त्याने गेला नव्हता. कान गेल्यावर त्यांना हवेची पोकळी सापडली नव्हती. चार हातांवर मोठी पोकळी होती. ते बुडून मेले होते.

साईश दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. डावं मनगट मोडलं होतं, ओठ फुटले होते. मयुरा खाटेशी बसली होती. त्याने तिला ओळखलं, पाणी मागितलं, आणि पहिला प्रश्न तिला वाटला होता तो विचारला नाही.

"ताये, ते आसत?"

तिने कोण म्हणून विचारलं नाही.

तो तुटक तुटक सांगत गेला. मंगळवारी दुपारी त्याने ठोके द्यायला सुरुवात केली. तासाभराने काचेवर काहीतरी आलं. हातातल्या टॉर्चमध्ये ते दिसलं तेव्हा तो घाबरून ओरडला. ते मागे झालं, आणि बाहेरून त्याचेच तीन ठोके परत आले. मग लांबून, मग आणखी लांबून. त्याला वाडीतल्यासारखं वाटलं, फक्त जोड नव्हती. म्हणून त्याने करून बघितलं. चार दिले तर त्यांनी चार दिले. दोन दिले तर दोन.

"दुसऱ्याच्या हाकेत आपला काय घालूचा नाय, असा तेंचा," तो म्हणाला. "आसा तसा पुढे दिवचा. माका समाजला ता."

संध्याकाळी त्याचा मोडका हात सुजला, दुसराही गारठून चालेना आणि त्याने ठोकणं सोडलं. त्यांनी सोडलं नाही. त्याला झोप यायला लागली की कोणीतरी काचेवर जोरात दगड मारायचं. तो हलला की मग ते थांबायचं. श्वासासाठी एक जायचा, त्याच्या जागी दुसरा यायचा. काच कधी रिकामी राहिली नाही.

"मगे काल काय झाला गो? धमाको झालो मोठो. आणि ते…" त्याचा आवाज फुटला. "माझ्यासमोर, ताये. काचेर. दहा मिनटां लागली तेंका. हवा वरच होती. मी आतसून हात दाखवी होतंय, वर जावा, वर जावा. तेंका कसा दिसतला."

मयुराला खोटं बोलता आलं असतं. बर्फ तडकला म्हणता आलं असतं, आणि स्थानकावरच्या एकाही माणसाने तिला उघडं पाडलं नसतं.

"तोफ मी उडवलंय," ती म्हणाली. "तुका शोधूक."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर तिने तो झेलला असता. त्याने हळूहळू मान भिंतीकडे वळवली आणि चादर खांद्यावर ओढून घेतली. ती तासभर बसून राहिली. तो झोपला नव्हता.

रेकॉर्डिंगचं काय निघालं ते तिने घाटेबाईंना त्या संध्याकाळी विचारलं. त्यांनी आधी टाळलं, मग सांगितलं. तासभर लागेल असं वाटलं होतं, पण वीस मिनिटांत झालं. प्रत्येक फेरी एकाच जागेवरून सुरू होत होती आणि तिथून बाहेर पसरत होती, अगदी शिस्तीत, एकदाही न चुकता. पाणबुडीपासून साठ मीटरचा फरक. एकला दहा मिनिटं असताना हे त्यांच्या पडद्यावर होतं. तोफ उडून तेव्हा पाव तास झाला होता.

"तू मला विचारलं होतंस, माझा असता तर काय केलं असतं," घाटेबाई म्हणाल्या. "रात्रभर विचार करतेय. मला माहीत नाही, मयुरा."

त्या अहवाल लिहायला बसल्या. त्यांनी त्यात दोघींचीही नावं घातली. मयुराने आपल्या नावापुढे 'तोफ हिने उडवली' हे स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यानंतर अकरा दिवस सगळे हायड्रोफोन पाण्यात होते. बर्फ तडकत होता, सील शीळ घालत होते. बाकी काही आलं नाही. साईश काठी टेकत रोज तिच्या खोलीत यायचा, दुसरा हेडफोन लावून तासन्‌तास ऐकायचा आणि उठून जायचा. तिच्याशी तो हवापाण्याचं बोलायचा. पाणी दे म्हणायचा, औषध घेतलं म्हणायचा. ताये मात्र म्हणत नव्हता.

बाराव्या दिवशी उपग्रहाची वेळ मिळाली आणि आईचा फोन लागला. साईश शेजारच्या खुर्चीत बसला होता. आई आधी त्याच्याशी बोलली, जेवला काय, हात कसा आहे. तो हो-नाही करत राहिला. मग तिने मयुराला फोन द्यायला सांगितलं. बोलता बोलता आई रडायला लागली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तुझ्यावर मी रागावले होते पोरी, ती म्हणत होती, त्याला तिकडे नेलंस म्हणून. पण तूच आणलंस परत. मयुरा ऐकत राहिली. साईशने खिडकीकडे तोंड केलं होतं.

मग आईने नाक पुसलं आणि ती कामाचं बोलायला लागली. वाडीत चुकलेला माणूस घरी आला की ज्या ज्या होडीने त्याची हाक पुढे दिली तिच्या नावाने त्याच्या घरचे समुद्राला एकेक नारळ देतात. पौर्णिमा जवळ आली होती. आईने नारळ काढून ठेवले होते, पण किती लागतील ते तिला माहीत नव्हतं.

"किती होड्यांनी हाक पुढे दिल्यानी गो? तितके दिवचे लागतले."

मयुराने साईशच्या पाठीकडे पाहिलं. स्पीकरवर आईचा श्वास ऐकू येत होता. तिने पुन्हा विचारलं, ऐकू आलं नाही का म्हणून.

"अठरा," साईश खिडकीकडेच बघत म्हणाला. "अकरा माझ्याकडे होते, आये. लांबचे सात."

"अठरा?" आईला आश्चर्य वाटलं आणि भरूनही आलं. "थंय इतकी माणसां आसत? माका वाटला तुम्ही दोन-चार जणां. अगो, तेंका सांग, एकदा आमच्याकडे येवा म्हणान. माशाचा जेवण करतंय सगळ्यांका. सांगशीत मा?"

साईशने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि ती काय सांगते याची वाट बघत राहिला.

"सांगतंय, आये," मयुरा म्हणाली.